आधी माती, मग टायर!

बाइकमध्ये हवा भरताना आपण पंपावरच्या पोऱ्याला फक्त आकडा सांगतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. टायर म्हणजे काय, तर काळं, गोल आणि चार-पाच वर्षांतून एकदा खिशाला चाट लावणारं प्रकरण! रस्ता डांबरी, टायरचं माप कंपनीने ठरवलेलं. डोकं चालवायची वेळच येत नाही.

ती वेळ येते गावाकडून फोन आल्यावर. चुलतभाऊ डिप्लोमाला आहे. त्याच्या दोस्तमंडळींनी वेल्डिंगवाल्याला पटवलंय, भंगारातून स्कूटरचं इंजिन मिळवलंय आणि शेतात पळवायला ऑफ-रोड गो-कार्ट तयार होतेय. सांगाडा झाला, सीट झाली, आता प्रश्न एकच... "दादा, टायर कोणते घ्यायचे?" दादा हिंजवडीला कामाला. तो लंच ब्रेकमध्ये नेटवर फोटो बघतो आणि त्यातल्या त्यात राक्षसी टायरचा फोटो भावाला पाठवून देतो. मोठा, रुंद, बोटभर दातांचा. दिसतो मात्र जाम भारी!

इथेच घोळ होतो. टायर गाडीला शोभतो का, हे नंतर बघू. तो ज्या मातीत फिरणार, तिला चालतो का, हे आधी बघायचं. आणि हे फक्त पैशांचं गणित नाही बरं का. चुकीच्या टायरवर कार्ट उलटते, आणि सीटवर आपलाच धाकटा भाऊ असतो.

चकलांब्याची माती काय म्हणते?

उदाहरणासाठी एक खरं गाव घेऊ. चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. हा सगळा कापसाचा पट्टा. काळी जमीन, मध्येच मुरमाड माळ, बांधावर बाभळी, आणि तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. म्हणजे एकाच तालुक्यात टायरचे तीन पेपर!

पहिला पेपर काळ्या मातीचा, आणि तोच सगळ्यात अवघड. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात या रानातून चपला घालून चाललेल्यांना सांगायलाच नको. दहा पावलांत प्रत्येक चपलेला किलोभर चिखल, आणि उंची दोन इंचांनी वाढलेली! टायरचं अगदी तेच होतं. नक्षीच्या खाचा चिखलाने बुजल्या, की नवाकोरा टायर 'गोटा' होतो. दात आहेत, पण चिखलाखाली गाडले गेलेत. मग कितीही रेस द्या, चाक जागच्या जागी फिरणार आणि स्वतःसाठी खड्डा खणणार.

म्हणून ओल्या काळ्या मातीत नुसते मोठे दात पुरत नाहीत. दोन दातांमध्ये भरपूर मोकळी जागा लागते. चाक फिरताना चिखल त्या जागेतून बाहेर फेकला गेला पाहिजे. टायरची जाहिरात वाचताना 'सेल्फ-क्लीनिंग' हा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच. जवळ-जवळ बसवलेल्या बारक्या ठोकळ्यांचा टायर फोटोत जास्त टफ दिसतो, पण या मातीत तोच आधी बुजतो.

दुसरा पेपर मुरमाचा आणि वाळलेल्या वावराचा. इथे उलटं गणित. जमीन टणक, त्यामुळे उंच दात तिच्यात घुसतच नाहीत. गाडी दातांच्या टोकांवर नाचते, हँडल थरथरतं आणि टायर भराभर झिजतो. इथे बुटक्या, जवळ-जवळ ठोकळ्यांचा टायर बरा. गॅरेजवाले ज्याला 'बटण टायर' म्हणतात, त्यातलाच कमी उंचीच्या बटणांचा. हिरवळ कापायच्या यंत्राला लावतात तो जवळपास सपाट 'टर्फ' टायरसुद्धा टणक जमिनीवर छान चालतो.

तिसरा पेपर वाळूचा. वाळूत दात खणत बसतात, म्हणून तिथे रुंद, कमी नक्षीचा आणि कमी हवेचा टायर. परदेशात वाळूच्या टेकड्यांवर मागच्या चाकांना वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे 'पॅडल' टायर लावतात. पण हा पेपर आपण ऑप्शनला टाकू. गोदावरीच्या पात्रात वाळूउपशाचे खोल खड्डे असतात आणि ते पाण्याखाली दिसत नाहीत. कार्ट घेऊन तिथे जायचंच नाही. विषय संपला!

टायरचा पहिला धडा बैलगाडीचा

हे सगळं वाचून 'फॉरेनचं फॅड' वाटत असेल, तर थांबा. माती आणि चाकाचं हे भांडण आपल्याकडे फार जुनं आहे.

जुन्या बैलगाडीचं चाक आठवा. लाकडी आरे आणि बाहेरून ठोकलेली लोखंडी धाव. धावेची रुंदी जेमतेम दोन-तीन बोटं. टणक रस्त्यावर ती मस्त पळते, पण ओल्या काळ्या रानात सुरीसारखी खाली जाते. तीच गाडी हवेच्या टायरवर बसवली, की बैलांचा जीव भांड्यात पडतो. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारणं हेच आपलं मिशन केलं होतं. मॅनेजमेंट गुरूने बैलगाडीच्या चाकात डोकं घालावं, यातच विषयाचं वजन आलं.

आणि बीड जिल्ह्याला हे कुणी शिकवायला नको. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यातल्या कित्येकांची गाडी म्हणजे 'टायरगाडी'. मोटारीसारखे हवेचे टायर, पुढे दोन बैल, मागे उसाचा डोंगर. उसाच्या ओल्या फडातून एवढं ओझं बाहेर काढायचं, तर टायरात हवा किती, त्याची कड फाटलीय का, हे बघावंच लागतं. चुकलं तर त्या दिवसाची कमाई फडातच रुतते. तेव्हा चुलतभावाला सांगा, नेटवर शोधण्याआधी गावातल्या एखाद्या गाडीवानाला विचार. फंडे तिथेच क्लीअर होतील.

पोस्टकार्डाचा हिशेब

धाव रुतते आणि टायर तरंगतो, याचं कारण शाळेतलंच. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. मऊ टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो, जेवढा त्याच्या पोटातल्या हवेचा असतो.

समजा कार्ट आणि चालवणारा मिळून २५० किलो. टायरात ३० पीएसआय हवा ठासली, तर चारही चाकं मिळून जमिनीला जेमतेम १२० चौरस सेंटिमीटर टेकतात. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला दोन काड्यापेट्यांएवढी जागा. तीच हवा ८ पीएसआयवर आणली, तर एका चाकाला ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळते. जवळपास एक पोस्टकार्ड! हिशेब ढोबळ आहे, कारण टायरची भिंतही थोडं वजन पेलते. पण मुद्दा लक्षात आला ना? एक रुपया खर्च न करता टायर चौपट रुंद झाला.

गो-कार्टला याचा आणखी एक फायदा. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने हिरवळ कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली गो-कार्ट बनवली. तेव्हापासून साध्या कार्टला सस्पेन्शन नसतंच. ढेकळं, बांध, चाकोऱ्या... जे काही लागतं, ते टायरने आणि तुमच्या कमरेने सोसायचं. टायर टम्म फुगवलेला असेल, तर सगळं कमरेलाच. हिंजवडीच्या खुर्चीवर आधीच आखडलेल्या कमरेला!

मात्र हवा कमी करायलाही हद्द आहे. टायरची जी कड रिममध्ये घट्ट बसते, तिला 'बीड' म्हणतात. होय, आपल्या जिल्ह्याचंच नाव! हवा फार कमी झाली, की जोरात वळताना हे बीड रिममधून निसटतं आणि टायर क्षणात बसतो. एटीव्हीच्या मऊ टायरला साधारण ५ ते १० पीएसआय चालतं. कमाल हवा किती, ते टायरच्या भिंतीवर छापलेलं असतं, ते वाचायचं. पंपावरच्या मोठ्या गेजला ६ आणि ९ मधला फरक कळत नाही, म्हणून कमी दाबाचं छोटं गेज घेऊन ठेवा.

पुढचं वेगळं, मागचं वेगळं

आता गावातला कुठलाही ट्रॅक्टर नीट बघा. पुढच्या टायरवर गोल फिरणाऱ्या सरळ पट्ट्या, मागच्यावर तिरके उंच दात. पुढच्याचं काम वळवायचं, म्हणून पट्टी मातीत रेघ ओढते आणि गाडी घसरू देत नाही. मागच्याचं काम ओढायचं, म्हणून दात. कार्टलाही हाच न्याय. पुढे अरुंद टायर, मागे थोडे रुंद आणि दातांचे.

मागच्या दातांना दिशा असते, हेही ट्रॅक्टरच शिकवतो. व्हीचं टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे, म्हणजे माती दोन्ही बाजूंना ढकलली जाते. उलटा बसवला, तर चिखल मध्ये गोळा होतो. भिंतीवर बाण असतो, तो बघूनच बसवा. एक गोष्ट मात्र ट्रॅक्टरकडून शिकायची नाही. त्याच्या मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरतात. कार्टला वजन हाच शत्रू!

आणखी एक बारीक मुद्दा. साध्या कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असतात, कारसारखं डिफरन्शियल नसतं. वळताना आतलं चाक कमी फिरायला हवं, पण दांडा फिरू देत नाही. मग एका चाकाने थोडं घसरलंच पाहिजे. म्हणून टणक जमिनीवर मागे अतिपकडीचे टायर लावले, तर हँडल वळतं आणि गाडी मात्र सरळ बांधाकडे निघते. याच कारणाने मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे आणि सारख्या हवेचे हवेत. एक नवा, एक जुना असं केलं, की कार्ट कायम एका बाजूला ओढणार.

आकड्यांची भाषा

टायरवरचे आकडे दोन तऱ्हेने लिहितात. १४५/७०-६ म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम ६ इंची. हिशेब केला, तर पूर्ण उंची १४ इंचांच्या आसपास. दुसरी पद्धत २२×७-१० अशी. उंची २२ इंच, रुंदी ७ इंच, रिम १० इंच. भिंतीवर 'एनएचएस' दिसलं, तर हा टायर हायवेसाठी नाही, असा त्याचा अर्थ.

मोठा टायर घेताना दोन बिलं येतात. पहिलं इंजिनचं. १६ इंची काढून २२ इंची बसवला आणि चेन-स्प्रॉकेट तेच ठेवलं, तर वेग कागदावर ३७ टक्क्यांनी वाढतो, पण जमिनीवरची ओढ २७ टक्क्यांनी घटते. छोट्या इंजिनची चिखलात बोंबच! दुसरं बिल जास्त वाईट. १४ इंचांवरून २२ इंचांवर गेलात, की अख्खी गाडी चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर वर उचलली जाते. चाकांमधलं अंतर तेवढंच, वजन मात्र उंचावर. वरून टायर जबरदस्त पकडीचे. जो टायर घसरत नाही, तो वळणावर गाडी उलटवतो. फोटोतला तो राक्षसी टायर आठवला?

ज्यांचं इंजिन छोटं असतं, ते हे गणित किती गंभीरपणे घेतात, ते 'बाहा' स्पर्धेत दिसतं. अमेरिकेत १९७६पासून चालत आलेल्या या स्पर्धेची भारतीय आवृत्ती 'बाहा एसएई इंडिया' २००७ साली मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला सुरू झाली. इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बग्गी बांधतात, आणि त्यात महाराष्ट्रातली कॉलेजेस मागे नसतात. इंजिन सगळ्यांना सारखंच, शेवटी चार तासांची दमछाक करणारी शर्यत. तिथे २२×७-१० सारखा अरुंद, हलका टायर लोकप्रिय आहे. रुंद टायर कुणाला आवडत नाही? पण जड चाक फिरवायलाच अर्धी ताकद गेली, तर चढ कशाच्या जोरावर चढणार?

खरा व्हिलन कोण?

गेवराईच्या रानात टायरचा जीव चिखलापेक्षा काट्याने जास्त जातो. बांधावरची बाभूळ, माळावरची वेडी बाभूळ, गवतातले सराटे. त्यात कापूस उपटल्यावर राहिलेली पऱ्हाटी आणि तुरीची धसकटं. तिरकं कापलेलं धसकट म्हणजे जमिनीत रोवलेला खिळाच.

म्हणून हलका २ प्लाय रेटिंगचा टायर इथे टिकणं कठीण. ४ घ्या. ६ आणखी दणकट, पण जड आणि कडक, छोट्या कार्टला नको. शक्यतो ट्यूबलेस घ्या, आत पंक्चर रोखणारं सीलंट भरा. काटा लागला, तर तिथेच उपटू नका. घरी येऊन, साधनं हाताशी ठेवून काढा.

जुगाड करायचाय? करा, पण...

एटीव्हीचे टायर स्वस्त नाहीत, हे मान्य. गंमत म्हणजे ऑफ-रोड टायरमधलं एक मोठं नाव, बीकेटी, आपल्या मराठवाड्यातच टायर बनवतं. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला! तरी बजेट नसेल, तर गावात तीन पर्याय सापडतात.

पहिला, जुन्या चेतकचं ३.५०-१० किंवा अॅक्टिव्हाचं ९०/१००-१० चाक. सगळीकडे मिळतं. मुरमावर आणि पायवाटेवर ठीक, चिखलात शून्य. दुसरा, रिक्षाचा ४.००-८. थोडा दणकट, पण नक्षी रस्त्याचीच. तिसरा, शेतीच्या पॉवर वीडरचा ४.००-८ दातांचा टायर. काळ्या मातीत हा खरा आपला माणूस! पण तो माणसाच्या चालीने जाणाऱ्या यंत्रासाठी बनलाय. त्यावर भन्नाट वेग काढायचा नाही.

स्कूटरच्या टायरात मात्र ६-८ पीएसआय भरू नका. टायर रिमवर सरकतो आणि आतल्या ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. दुसरी गोष्ट जिवाची. चेतकची रिम दोन भागांची, बोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते बोल्ट सैल करायचे नाहीत. रिमचे भाग उडाले, तर थेट तोंडावर येतात.

खरेदीला जाताना

* बारा महिने एकच सेट? मध्यम उंचीचे, मोकळ्या दातांचे, ४ प्लाय. सगळ्या पेपरांत पास, एकाही पेपरात पहिला नंबर नाही. चकलांब्यासाठी हाच शहाणा सौदा.
* फक्त दिवाळी ते उन्हाळा चालवणार? बुटक्या बटणांचे टायर. पावसाळ्यात कार्ट झाकून ठेवा, कमी टायरात भागेल.
* जुना टायर घेताना भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. भिंतीला बारीक भेगा असतील, तर फुकट दिला तरी नको.
* टायर आधी ठरवा, मग रिम आणि स्प्रॉकेट. उलट केलंत, तर खर्च दोनदा.
* कार्टची नोंदणी नसते, त्यामुळे १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. आपलं वावर, आपली मजा. गावच्या रस्त्यावर एक चक्करसुद्धा नको.

आणि एक शेवटचं. बुटका, साधा टायर घेतल्यावर हजार-दोन हजार वाचतील. ते साउंड सिस्टिममध्ये घालवायचे नाहीत. डोक्यावरचा पाइप, चांगला सीटबेल्ट आणि हेल्मेट यात घालायचे. टायर कितीही विचार करून निवडला, तरी काळी माती एखाद्या दिवशी दगा देतेच. त्या दिवशी कार्ट रुतली पाहिजे, उलटता कामा नये. रुतलेली कार्ट काढायला गावात बैलजोडी आहे, आणि गाडीवान हसत-हसत येईल!